लावू का?

सकाळी ठमीच्या तोंडातून वाफ निघाली. ती अजून झोपेतच होती, अंगावरून घसरलेलं पांघरूण वर ओढायला मी तिच्या कठड्याच्या खाटेवर वाकले होते, आणि तिने जांभई दिली, एवढीशी, मांजराच्या पिल्लासारखी, तर त्या जांभईतून पांढरा धूर बाहेर आला, क्षणभर तिच्या नाकावर तरंगला आणि विरला. मी तशीच वाकलेली राहिले. बाहेर रस्त्यावर माणसांच्या तोंडातून वाफ निघते ती मला चालते. तिथे ती गंमत असते, पोरं तोंडाचा चंबू करून आगगाडी आगगाडी खेळतात. पण ही चार भिंतींच्या आत, खिडक्या बंद असताना, आम्ही भाडं भरतो त्या खोलीत. म्हणजे आत आणि बाहेर यांत आता फरक राहिला नव्हता. बाहेरची थंडी कधीतरी उठून आत आली होती आणि आमच्यातच झोपली होती. आणि मला असंही वाटलं, बावळटासारखं, की त्या जांभईबरोबर ठमीच्या अंगातली ऊबच थोडी बाहेर पडली, खोलीने ती गिळली, आणि आता ती काही परत मिळायची नाही. एवढ्याशा अंगात ऊब ती असते किती.

"अरे, हिच्या तोंडातून वाफ येतेय," मी म्हटलं. नवरा मोज्यांवर मोजे चढवत होता. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या विहिरीसारख्या पोकळीत उतरलेला. थंडीचं त्याला काय. "माझ्याही येतेय," तो म्हणाला, आणि माझ्या तोंडासमोर 'हा' करून दाखवलं. "तुझ्याही येतेय. जिवंत आहोत, एवढाच त्याचा अर्थ." "थट्टा नकोय मला. हीटर लाव." "लावतो. मग दिवसभर लावून ठेव म्हणशील. मागचं बिल पाहिलंस ना?" पाहिलं होतं. त्या दिवशी बिल हातात घेऊन तो कितीतरी वेळ दारातच उभा होता, बूट न काढता, जणू घर चुकलंय की काय ते ठरवत. तेव्हापासून विजेचा हीटर म्हणजे आमच्याकडचा पाहुणा झाला. आला की सगळे त्याच्याभोवती गोळा होतात आणि जाणार कधी याकडे डोळा ठेवतात. "घरात माझी तान्ही पोर आहे," मी म्हटलं. "चालते, पळते, भिंतीवर रेघोट्या मारते, ती तान्ही कसली," हा म्हणाला. "आणि दिवसभर घरात असतं कोण? ती आणि बाबा. तिला गुंडाळून ठेवा. बाबा तर बिनकोटाचे बसतात, त्यांना काही होत नाही." बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनचा खडखडाट चालला होता तो थांबला. जरा वेळाने पुन्हा सुरू झाला.

बाबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर शिंपीकाम केलं. नजर अधू झाली तसं दुकान दुसऱ्याला दिलं, पण मशीन तेवढं घरी आणलं आणि बाहेरच्या खोलीच्या खिडकीशी मांडलं. कपडे शिवणं सुटलं, म्हणून या थंडीत त्यांनी घरच शिवायला घेतलं होतं. खिडक्यांच्या फटींत जुन्या कोटाच्या लोकरीच्या पट्ट्या घडी घालून ठोकल्या. दारांच्या चौकटींना आतून फेल्टचं जाड कापड चिकटवलं. नवऱ्याच्या फाटक्या पँटचे पाय कापून त्यांत चिंध्या ठासून भरल्या आणि तोंडं शिवून त्यांची लांबलचक वळकटी केली, दाराखालून येणारा वारा अडवायला. तिला दोन बटणांचे डोळेही लावले. ठमी तिला अजगर म्हणते, म्हणजे 'अदगल' म्हणते, आणि तिच्यावर घोड्यासारखी बसते. "घराला अस्तर लावतोय," बाबा म्हणायचे. "वरचं कापड तुमचं, अस्तर माझं. अस्तर कुणाला दिसत नाही, पण त्याच्याशिवाय कोट बसत नाही अंगावर." मला ते आवडायचं, आणि भीतीही वाटायची. एक एक फट बुजत होती. मी भिंतीला लावायचं थर्मामीटर आणलं, मग दुसरं ठमीच्या खाटेपाशी टांगलं, आणि येता-जाता दोन्हीकडे बघायला लागले. तेव्हापासून बाबांनी माझं नाव मॅडम थर्मामीटर ठेवलं. "मॅडम, आज काय निकाल?" "नापास," मी म्हणायचे. "वर ढकला मग," ते म्हणायचे, "सगळी पोरं ढकलतच पुढे जातात."

गॅसचा हीटर नवऱ्याने आणला. एका इमारतीत लिफ्टचं काम करताना तिथल्या बाईंनी भंगारात काढलेला, मागे छोटी टाकी बसवायची सोय, पुढे जाळी, जाळीमागे निळी ज्योत. विजेपेक्षा स्वस्त पडतो म्हणून. बाबांनी त्याला लगेच खोळ शिवली. मी मात्र तो उलटा करून त्याच्या पाठीवरची चिकटपट्टी वाचली, बारीक अक्षरांतली, अर्धी खरवडलेली. बंद खोलीत वापरू नये. मग वाचतच बसले, फोनवर, इकडे-तिकडे, जे जे मिळेल ते. बंद खोलीतल्या ज्योतीतून जो विषारी वायू निघतो त्याला रंग नाही. वास नाही. डोकं जरा जड होतं, झोप येते, माणसाला वाटतं बरी लागतेय झोप. एवढं वाचून मी नियम केला. आतल्या खोलीच्या खिडकीचं वरचं झडप हातभर उघडं राहील, मी स्वतः उघडीन, आणि त्याला घरातल्या कुणीही हात लावायचा नाही. "हीटर लावला, की खिडकी लावायची नाही," मी सगळ्यांना उभं करून सांगितलं. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "म्हणजे लावायचं, पण लावायचं नाही." "बाबा, चेष्टा नको ना." "चेष्टा नाही गं, पाठ करतोय. एवढ्या मेहनतीने फटी बुजवल्या आणि मॅडमनी खिडकी उघडली. शिकलेल्या माणसांची मराठी वेगळी असते." नवरा हसला. ठमी, सगळे हसतात म्हणून, हसली. मी हसले नाही.

तर आज सकाळी विजेवरून भांडण नको म्हणून मी गॅसचाच हीटर पेटवला, झडप उघडलं, ठमीला त्याच्यासमोर कपडे चढवले, आणि निघताना रोजची आज्ञावली म्हणून दाखवली. ठमी पाणी प्याली का बघा. ती झोपली की पंधरा मिनिटांनी जाऊन बघा. मला विचारल्याशिवाय तिच्या अंगाला काही चोपडू नका, मागे त्या तेलाने पुरळ उठलं होतं. खिडकीला हात लावू नका. बाबा मशीनवरून न उठता मान हलवत होते, प्रत्येक वाक्याला एक. "जा आता. तुझी बस जाईल, आणि बसवाल्याला काही थर्मामीटर नसतं." मी खाली उतरले तेव्हा वारा नव्हता. नुसती थंडी होती, स्थिर, पोलादासारखी.

माझं काम थंडीचंच आहे, हा एक विनोदच. औषधांच्या घाऊक विक्रेत्याकडे मी लसींच्या कोल्ड रूमवर नजर ठेवते. वीतभर जाडीच्या भिंती, पोलादी दार, दारावर आकडे दाखवणारा लाल डोळा. तो आकडा चढला की लस मरते. म्हणून तिथे दिवसरात्र यंत्रं घुमत असतात, वीज नुसती पाण्यासारखी वाहते, आणि तिथलं बिल हातात घेऊन दारात थिजणारं कुणी नाही. कधीकधी त्या दाराला पाठ लावून मी उभी राहते आणि मागची घरघर कण्यातून वर चढते, तेव्हा मनात येतं, की थंडी विकत घेणारं एक जग आहे आणि ऊब विकत घेणारं एक, आणि मी रोज बसमधून यातून त्यात जाते. संध्याकाळी घरी पोचते तेव्हा मात्र विजेचा हीटर लावलेला असतो, बाबा त्याच्यापाशी ठमीला घेऊन बसलेले असतात. कोटाची बटणं काढायच्या आधी मी हीटरवर हात ठेवते. तो वरून कोमट असतो पण कडेने अजून गार. जुना झालाय, तापायला वेळ घेतो, असं मी समजत आले.

दुपारी वारा सुटला. मालाच्या मोठ्या दारावरचा पत्रा धडधडायला लागला, आणि त्याच गडबडीत पॅकर खोकी घेऊन कोल्ड रूममध्ये गेला तो दार पुरतं न ओढता. भोंगा वाजला. मी धावले. आकडा चढत होता, माझ्या डोळ्यांदेखत चढत होता, आणि खिशात फोन थरथरला. बाबा. मी फोन कानाला लावला, एका कानात भोंगा, एका कानात त्यांचा आवाज तुटक तुटक. "...झोपायला आली... फार... लावू का?" पॅकर खोकी छातीशी धरून माझ्याकडे बघत दारात उभा. "अहो, लावा! लावा ना आधी!" मी ओरडले. पॅकरने खोकी ठेवली आणि दार ओढलं. फोनमधून "बरं, बरं, लावतो" असं ऐकू आलं आणि फोन बंद झाला. भोंगा थांबला. आकडा घुटमळला, मग हळूहळू उतरायला लागला, आणि मी त्या लाल डोळ्याकडे बघत राहिले, जणू ठमीचा ताप उतरत होता.

मग सगळं शांत झालं. मी चहाचा कप विसळत होते. पॅकर खजील होऊन मागे उभा राहिला. "मॅडम, लावलं होतं हो दार. मला वाटलं लागलं." "बरं," मी म्हटलं, आणि कप हातातच राहिला. मी ओरडले ते पॅकरला. पण 'लावा' ऐकलं ते दोघांनी. बाबांनी विचारलं होतं, लावू का. काय? त्यांचा शब्द वाऱ्यात कुठेतरी पडला होता आणि मागे नुसती ती शेपटी उरली होती. हीटर लावू का? पण हीटरसाठी ते मला कशाला विचारतील, सकाळपासून लावलेलाच होता की. विचारतील ते फक्त मी मनाई केलेल्या गोष्टीसाठी. मनाई खिडकीची होती. वारा सुटलाय, पोर झोपायला आली, फार थंड वारा येतोय आत, खिडकी लावू का. असंच ते वाक्य असणार. ते तुटलेले तुकडे त्यात चपखल बसत होते, फटीत पट्टी बसावी तसे. आणि मी म्हणाले होते, लावा. लावा ना आधी. वर ओरडून. एका शब्दाने घरात सगळं होतं आपल्याकडे. दिवा लावा म्हणजे उजेड, दार लावा म्हणजे अंधार, एकच शब्द उघडतोही आणि मिटतोही, आणि मी मोठी पदवीधर, मला आजवर कधी त्याची भीती वाटली नव्हती.

फोन लावला. वाजत राहिला. ठमी झोपली की बाबा फोन मशीनच्या झाकणाखाली कापडात गुंडाळून ठेवतात, ती जागी होऊ नये म्हणून. हे मला माहीत होतं. माहीत असून पुन्हा लावला, पुन्हा लावला. नवऱ्याचा लागेना, कुठल्यातरी इमारतीच्या पोटात असणार. मग खालच्या मजल्यावरच्या वहिनींना लावला. "वहिनी, जरा वर जाऊन बघता का, बाबा फोन घेत नाहीयेत." "अगं झोपले असतील म्हातारे. तू पण ना." "वहिनी, प्लीज." त्यांच्या सपाता जिन्यावर वाजताना ऐकू आल्या. बेल. थांबल्या. पुन्हा बेल. दारावर थापा. "आवाज नाही गं आतून," त्या म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज बदलला होता. "चावी नाही ना माझ्याकडे. झोपलेच असतील. गाढ." गाढ हा शब्द त्यांनी मला धीर द्यायला वापरला.

मी कोट घातला की नाही ते आठवत नाही. बसमध्ये अंगावर होता. खिडक्या सगळ्या बंद, माणसांच्या श्वासांनी काचा पांढऱ्या झालेल्या, आणि त्या कोंदट उबेत सगळे डुलत होते. मला ते बघवेना. मी लहान असताना आमच्या घरासमोर एक इमारत बांधत होते, आणि तिच्या रखवालदाराची पत्र्याची खोली होती, तो आणि त्याची बायको. ती बाई मला हाक मारून बांधकामाच्या रेतीत खेळू द्यायची. एका थंडीत त्या खोलीपुढे गर्दी जमली. शेगडी आत ठेवून दार लावून घेतलं होतं, एवढंच कुणीतरी म्हणालं. आई मला ओढून आत घेऊन गेली, पण संध्याकाळी शेजारीण तिला सांगत होती ते मी पडद्यामागून ऐकलं. "झोपल्यासारखी दिसत होती गं. गाल कसे लाल. इतकी चांगली कधी दिसलीच नव्हती बिचारी." ते गाल मी पाहिले नाहीत, म्हणून ते माझ्यापाशी अजून आहेत. पाहिले असते तर कदाचित विसरले असते. ठमी उबेत झोपली की तिचे गाल लाल होतात, सगळ्यांना ती गोड दिसते, आणि मी दर वेळी तिला हलवून जागी करते. नवरा म्हणतो, झोपलेल्या पोराला उठवणारी आई मी पहिल्यांदाच बघतोय.

मी खिडकीची काच सरकवली. वारा सुरीसारखा आत आला. मागच्या सीटवरचे गृहस्थ मफलरमधून म्हणाले, "ताई, लावा की ती खिडकी." "नाही लावणार," मी म्हटलं. "अहो, गारठून मरायची वेळ आली." "नाही लावणार म्हटलं ना!" सगळ्यांनी माना वळवल्या. कंडक्टर माझ्याकडे बघून पुढच्या सीटकडे वळला. मी त्या फटीला तोंड लावून बसले आणि बाबांचं अस्तर मनात उसवायला लागले. दाराच्या चौकटीचं फेल्ट. खिडकीच्या पट्ट्या. उंबऱ्याशी बटणांचे डोळे उघडे ठेवून पडलेला अजगर. एक टाका तरी सैल असेल का? बाबांचा टाका कधी सैल पडत नाही. लोक पंधरा पंधरा वर्षांचे कोट आणून दाखवायचे, बघा, अजून शिवण गेली नाही. देवा, एखादी शिवण जाऊ दे.

वहिनी दारातच उभ्या होत्या, शाल दोन्ही हातांनी धरून. "मी थांबले बाई इथेच. मला काही जाववेना." चावी फिरली. दार ढकललं तर उघडेना. आतून काहीतरी अडत होतं, मऊ आणि जड, खाली जमिनीशी आडवं पडलेलं. मी दाराला खांदा लावला आणि तोंडातून आवाज निघाला तो माझा आहे हे मला नंतर कळलं. ते मऊ जड मागे सरकलं. अजगर होता. त्याच्या एका डोळ्याचं बटण लोंबत होतं.

आत थंडी होती. हे समजायला मला वेळ लागला, कारण मी कोंडलेली ऊब सोसायच्या तयारीने आत शिरले होते आणि समोरून माझ्या कामावरची थंडी आली. तशीच, पोलादी दाराआडची. मशीनवरचे कापड बेतायचे कागद फडफडत होते. आतल्या खोलीत खिडकीचं झडप उघडं होतं, हातभर, मी सकाळी ठेवलं होतं अगदी तेवढंच, आणि त्यातून वारा सरळ आत घुसत होता. गॅसचा हीटर कोपऱ्यात विझवलेला, अंगावर खोळ. विजेच्या हीटरची वायर नीट गुंडाळून वर ठेवलेली. ठमीची खाट रिकामी. मोठ्या पलंगावर घरातली सगळी पांघरुणं, माझा जुना कोट, नवऱ्याचं जाकीट, खिडकीचा काढलेला पडदा, असा एक ढीग, आणि ढिगाच्या पलीकडे भिंतीला टेकून बाबा बसलेले, नुसत्या स्वेटरवर. डोळे मिटलेले. त्यांचा कोट ढिगात सगळ्यात आत होता. मी एकेक उपसत गेले. कोटाच्या आत ठमी होती. गाल लाल. लाल आणि चकचकीत.

मी तिला ओढून घेतलं की काय केलं ते वहिनींनाच विचारावं लागेल. बोट तिच्या गालावरून घसरलं. चिकट होतं. क्रीम. थंडीने फुटलेल्या गालांवर जाड थर दिलेलं, शिंप्याच्या हाताने, कडेपर्यंत सारखं. ठमीने डोळे उघडले, माझ्यावर वैतागली, आणि रडायला तोंड उघडलं तशी त्यातून वाफ आली, पांढरी, दाट, रागीट. अंग तिचं भट्टीसारखं गरम होतं. मी ती वाफ गालावर घेतली. सकाळी जिला भ्याले तीच.

"बाबा," वहिनी म्हणत होत्या. "अगं, बाबा बघ." मी बघितलं. ओठ जांभळे, हात मांडीवर ठेवलेले, बोटं सुई धरल्यासारखी वळलेली. मी त्यांचा हात हातात घेतला आणि तो हात नव्हता, नुसती थंडी होती हाताच्या आकाराची. ते कापतही नव्हते. "बाबा! बाबा!" पापण्या हळूच उचलल्या. "मॅडम," ते म्हणाले. जीभ जड झाली होती, शब्द कुठून तरी लांबून ओढून आणावे लागत होते. "लवकर... आलीस? अजून... हीटर लावला नाही. तू यायच्या आधी... लावतो मी." आणि उठायचा प्रयत्न केला, उठवेना. मग मला तो कोमट हीटर आठवला, कडेने गार. एवढ्या सगळ्या संध्याकाळी. "फोनवर काय विचारत होतात? काय लावू का?" "क्रीम. गाल फुटलेत... तिचे. तूच तर ओरडलीस... लावा लावा." "आणि खिडकी? एवढा वारा, खिडकी का नाही लावली? गॅस बंद होता ना, मग?" त्यांच्या कपाळावर आठी पडली, पाठ केलेलं विसरल्यासारखी. "खिडकीला... हात लावायचा नाही," ते म्हणाले.

वहिनींनी डॉक्टरांना फोन लावला. लगेच निघतो म्हणाले. तोवर चोळू नका, एकदम तापवू नका, अंगाला अंग लावून पांघरुणात ठेवा, शुद्धीवर असतील तर साखरेचं गरम पाणी घोट घोट द्या, आणि कापायला लागले तर घाबरू नका, ते चांगलंच. मी खिडकी लावली. विजेचा हीटर लावला, बटण शेवटपर्यंत फिरवून. बाबांना आडवं केलं, ठमीला त्यांच्या छातीशी दिलं, मी त्यांच्या पाठीशी लागले, आणि सगळा ढीग तिघांवर ओढला. वहिनी पाणी गरम करून आल्या, चमच्याने पाजता पाजता म्हणाल्या, "पोरीला फार जीव लावलाय हो म्हाताऱ्यांनी." मी मान हलवली. बोलले असते तर रडले असते, आणि मागून मी हलले की बाबांचं अंग हलत होतं.

फोन वाजला. नवरा. "काय गं, इतके फोन? आत्ता वर आलो." "घरी ये." "झालं काय?" मला वाक्य सुचेना. "हीटर लावलाय," मी म्हटलं. मागे लिफ्टचं दार सरकल्याचा आवाज आला. "कुणाला काय झालं?" त्याने विचारलं, अगदी हळू. "बाबांना. ये तू."

मग मी नुसती बघत राहिले. ठमीची वाफ भराभर येत होती, छोटी छोटी, आगगाडीसारखी. बाबांची बारीक, लांबट, आणि दोन वाफांच्या मधे मोठं अंतर. त्या अंतरात मी माझाही श्वास धरून ठेवत होते. कुठल्यातरी वेळी त्यांच्या पाठीतून एक थरकाप उठला, मग दुसरा, दात वाजायला लागले, आणि मी त्या कापऱ्या अंगाला घट्ट धरून म्हटलं, "कापा बाबा, खूप कापा." "मॅडम," ते दातांतून म्हणाले, "निकाल?" मी भिंतीवरच्या थर्मामीटरकडे बघितलं. चढत होतं. "वर ढकललंय," मी म्हटलं. हीटर टकटक वाजत तापत होता, ऊब पलंगाच्या कडेपर्यंत आली, मग वर चढली. ठमी बाबांच्या स्वेटरचं बटण चोखत पुन्हा झोपली. आणि खोली तापत गेली तशी वाफ दिसेनाशी झाली. आधी ठमीची पातळ झाली आणि गेली. बाबांची उशिरापर्यंत दिसत होती, धाग्यासारखी, मग तीही हवेत मिसळली. सकाळपासून मला हेच हवं होतं. जिन्यावर पावलं वाजली, डॉक्टरांची असतील, वहिनी दार उघडायला गेल्या. मी पांघरुणातून हात बाहेर काढला, पालथा करून आधी ठमीच्या नाकाखाली धरला, मग बाबांच्या, आणि वाट बघत राहिले.